रात्रीची वीज स्वस्त की दिवसाची?

अकोल्याला आमचे थोरले बंधू राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक नेम धरला होता. रात्री दोन वाजता उठायचे आणि खालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवण्यासाठी मोटर लावायची. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा मध्यरात्री मोटरच्या घरघरीने जाग आली. सकाळी विचारले, “दादा, ही काय वेळ मोटर लावायची?” दादा म्हणाले, “अरे बाप्पा, रात्रीची लाइन सस्ती रायते ना! डाळ मिलवाले काय उगाच रात्रपाळी करतात?”

दादांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिली आहेत, तेलाचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांना महाराष्ट्रात बरीच वर्षे वेळेनुसार बदलणारा वीजदर लागू आहे. २०२४-२५ पर्यंतच्या दरपत्रकांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळात कारखान्याने वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे दीड रुपया सवलत होती. उलट संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळात युनिटामागे १ रुपया १० पैसे जादा आणि सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळात ८० पैसे जादा पडत. डाळ मिलीच्या मालकाला रात्रपाळी परवडे ती यामुळे. मात्र हा दर कारखान्यांसाठी होता. दादांच्या घरच्या मीटरला रात्र काय आणि दिवस काय, सारखेच होते. दोन वाजता झोपमोड करून त्यांनी एक पैसाही वाचवला नव्हता.

आणि आता तर गणित उलटेच झाले आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २५ जून २०२५ च्या फेरविचार आदेशाने घरगुती ग्राहकालाही वेळेनुसार सवलत देऊ केली, पण ती दिवसाची. नवे, वेळेची नोंद ठेवणारे मीटर ज्या घरी बसले आहे, त्या घराला १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळात वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे ८० पैसे सवलत ठरली. ती पायरीपायरीने वाढवत २०२९-३० पर्यंत एक रुपयावर न्यायची, अशी योजना त्या आदेशात होती. वीजदराचे आदेश बदलत असतात, त्यांवर वादही होतात. म्हणून वाचकांनी पुढील आकडेमोड करताना आपल्या हातातल्या ताज्या बिलावरचे आकडे घ्यावेत. रीत तीच राहील.

मुळात एकाच तारेतून येणाऱ्या विजेला सकाळी एक दर आणि संध्याकाळी दुसरा, हे का?

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अवघड आणि महाग आहे. धान्य सुगीत घेऊन कोठीत ठेवता येते. वीज मात्र ज्या क्षणी वापरायची, जवळजवळ त्याच क्षणी तयार करावी लागते. त्यामुळे वीजकेंद्रे बांधताना वर्षभराची सरासरी पाहून भागत नाही, सर्वांत जास्त मागणीचा तास पाहावा लागतो. दिवसातून चार तास लागणाऱ्या संचाचा भांडवली खर्चही चोवीस तास चालणाऱ्या संचाइतकाच असतो. १८९२ साली इंग्लंडमधील अभियंता जॉन हॉपकिन्सन याने हा मुद्दा स्पष्टपणे मांडला होता: ग्राहक किती वीज वापरतो यावर जसा खर्च अवलंबून असतो, तसाच तो एका वेळी जास्तीत जास्त किती मागतो यावरही अवलंबून असतो.

मग शंभर वर्षे घरगुती ग्राहकाला सरसकट दर का होता? याचे एक साधे कारण मीटरमध्ये आहे. जुन्या मीटरातील फिरणारी ॲल्युमिनियमची चकती पुष्कळांना आठवत असेल. ती चकती किती वेळा फिरली एवढेच ते मीटर मोजत असे, कधी फिरली हे त्याला ठाऊक नसे. घड्याळ नसलेल्या मीटरकडून वेळेचा हिशेब मागता येत नाही. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरात घड्याळ असते आणि ते दिवसाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातला वापर वेगळा नोंदवते.

आता रात्र स्वस्त असण्याचे कारण पाहू. अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे, तेथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे २७० मेगावॉटचे पाच संच आहेत. कोळशावरचा असा संच दिव्यासारखा बटण दाबून बंद-चालू करता येत नाही. बाष्पक थंड होऊ दिला तर तो पुन्हा तापवायला कित्येक तास आणि बरेच इंधन लागते. म्हणून मागणी घटली तरी संच एका किमान पातळीच्या खाली नेत नाहीत. ही पातळी साधारणपणे त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून थोडी वर असते. रात्री गाव झोपले की मागणी उतरते, संच मात्र चालूच असतात. ही रात्रीची वीज कोणीतरी वापरावी म्हणून कारखान्यांना सवलत. इंग्लंडमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा घरगुती दर निघाला, त्यात रात्रीचे सात तास स्वस्त होते. तेथील लोक त्या वेळात विटांच्या हीटरांत उष्णता साठवून ठेवत आणि दिवसा ऊब घेत.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र या चित्रात सूर्य आला. सौर प्रकल्प वाढले तसे भर दुपारी विजेचा पुरवठा मुबलक होऊ लागला. सौरऊर्जेला इंधन लागत नाही. पॅनेल बसवून झाल्यावर पुढच्या युनिटाचा खर्च जवळपास शून्य असतो. दुपारी कोळशाच्या संचांना किमान पातळीपर्यंत खाली यावे लागते. संध्याकाळ झाली की सूर्य मावळतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, कूलर, टीव्ही एकदम सुरू होतात. दोन-तीन तासांत सौरवीज शून्यावर आणि मागणी शिखरावर! मग पारससारख्या केंद्रांना भराभर वर चढावे लागते, कोयनेचे पाणी सोडावे लागते, घाटघरला दुपारी उचलून ठेवलेले पाणी पुन्हा खाली आणून वीज करावी लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अभियंत्यांनी या दिवसभराच्या मागणीचा आलेख २०१३ साली काढला, तो त्यांना बदकासारखा दिसला. दुपारी खोलगट पोट आणि संध्याकाळी उंच मान. तेव्हापासून जगभर त्याला बदकाचा वक्र म्हणतात.

म्हणूनच केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीचे नियम सुधारले आणि दिवसातले आठ तास ‘सौर तास’ ठरवून त्या वेळचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, तर शिखर तासांत घरगुती ग्राहकाला तो किमान १० टक्के जास्त असावा, असे सुचवले. शेतीपंप यातून वगळले. महाराष्ट्राने २०२५ च्या आदेशात घरगुती ग्राहकासाठी फक्त सवलतीची बाजू घेतली.

येथे थोडे विषयांतर करतो. शेतीला वेळेचा दर नसला तरी वेळेची सक्ती मात्र वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने आयुष्यभर सोसली आहे. शेतीच्या वाहिनीला पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळे. वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागांना पाणी द्यायला माणसे रात्री काळोखात, साप-विंचवाच्या भीतीत बांधावर उभी राहत. म्हणजे गाव झोपल्यावर शिल्लक राहणारी वीज खपवण्याचे काम दर कमी न करताच त्यांच्याकडून करून घेतले गेले. २०१७ साली सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना याला उत्तर म्हणून आली. शेतीजवळच सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज द्यावी, असा तिचा हेतू आहे. दिवसाची वीज ज्या कारणाने घराला स्वस्त होऊ लागली, त्याच कारणाने ती शेताला दिवसा मिळू लागली, हे वर्गात जरूर सांगावे.

सकाळी ९ ते सायंकाळी ५ हीच वेळ का, याचे भूगोलाच्या तासाला शोभेल असे एक गणित आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. अकोला साधारण ७७ अंशांवर आहे. फरक ५.५ अंशांचा, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणून अकोल्याची सरासरी माध्यान्ह घड्याळात १२ वाजून २२ मिनिटांनी येते, अमरावतीची त्याआधी सुमारे तीन मिनिटे. वर्षभरात ती पाव तासाइतकी मागेपुढे होते. सवलतीच्या आठ तासांचा मध्य आहे दुपारी एक, म्हणजे माध्यान्हीच्या थोडा पुढे. डिसेंबरात अकोल्याला सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. पाचला सवलत संपवली की वर्षभर एकच वेळापत्रक चालते.

आता घरात येऊ. एप्रिल २०२५ मध्ये दिवसाच्या सवलतीची चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली होती. आम्ही दोन घरांत आठवडाभर एक साधा प्रयोग केला. एक आमचे अमरावतीचे घर. दोघेही नोकरीला, दहा ते साडेपाच दाराला कुलूप. दुसरे दादांचे अकोल्याचे घर. दादा, वहिनी आणि सुटीला आलेली नातवंडे दिवसभर घरात. रोज सकाळी ९ वाजता आणि सायंकाळी ५ वाजता मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, एवढेच काम. त्याला नवे मीटर लागत नाही, कोणतेही मीटर चालते. आमच्याकडे पाचची नोंद शेजारच्या आजींनी घेतली.

अकोल्यात एप्रिलमध्येच पारा ४४ अंशांना टेकतो, तेव्हा कूलरविना भागत नाही. वहिनींना आम्ही म्हटले, आधी अंदाज करू, मग मीटर पाहू. पाट्यांवरचे वॉट आणि चालण्याचे तास घेऊन हिशेब मांडला. सकाळी ९ ते ५ मध्ये कूलर २०० वॉटचा, सहा तास, म्हणजे १.२ युनिट. जुने ७५ वॉटचे दोन पंखे आठ तास, १.२. फ्रिज ०.५, टीव्ही ०.३, इस्त्री, मिक्सर आणि धुलाईयंत्र मिळून ०.७. एकूण ३.९. उरलेल्या सोळा तासांत रात्रीचा कूलर १.६, पंखे १.३५, फ्रिज ०.९, दिवे ०.४, टीव्ही ०.३ आणि दादांची मोटर ०.२५. एकूण ४.८. म्हणजे दिवसाला ८.७ युनिट.

मीटर म्हणाले ९.९. दिवसा ४.३ आणि उरलेल्या वेळात ५.६.

रोज १.२ युनिटांची तफावत! एक-दोन दिवसांची असती तर सोडून दिली असती, पण आठवडाभर ती जवळपास तितकीच येत होती. गंमत अशी की दिवसाच्या आठ तासांत ०.४ आणि उरलेल्या सोळा तासांत ०.८, म्हणजे वेळेच्या प्रमाणातच ती वाटली गेली होती. याचा अर्थ घरात कोणीतरी चोवीस तास एकसारखी वीज घेत होते. १.२ युनिट भागिले २४ तास, म्हणजे ५० वॉट.

ते शोधायला मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा उपयोगी पडला. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एका युनिटाला किती लुकलुक हा आकडा छापलेला असतो. दादांच्या मीटरवर तो ३२०० होता. ३२०० लुकलुकींना एक युनिट, म्हणजे ३६ लाख वॉट-सेकंद. तेव्हा एका लुकलुकीला ११२५ वॉट-सेकंद. दोन लुकलुकींमधील सेकंदांनी ११२५ ला भागले की त्या क्षणी घर किती वॉट घेत आहे ते कळते. समजा दहा लुकलुकींना ५६ सेकंद लागले, तर घर सुमारे २०० वॉट घेत आहे. मग घरातली सर्व बटणे बंद केली, फ्रिजही थोडा वेळ काढला. दिवा विझायला हवा होता. पण तो साडेबावीस सेकंदांनी एकदा लुकलुकतच राहिला. ११२५ भागिले २२.५, बरोबर ५० वॉट.

सापडला तो जिन्याखालचा इन्व्हर्टर. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात वऱ्हाडात घरोघरी इन्व्हर्टर आले. दिवसातून कित्येक तास ‘लाइन गेली’ असे चालायचे, त्या दिवसांत तो गरजेचा होता. दादांनी बॅटऱ्या अधूनमधून बदलल्या, पण शेवटची बॅटरी सहा वर्षांची होऊन म्हातारी झाली होती. ती भरलेली राहत नव्हती आणि चार्जर तिच्यात अखंड वीज ओतत होता. त्या विजेची नुसती उष्णता होत होती. महिन्याला ३६ युनिट!

आता पैशांत पाहू. घरगुती दर टप्प्यांचा असतो. २०२४-२५ च्या महावितरणच्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांचा १० रुपये २९ पैसे आणि त्यापुढच्या टप्प्याचा १४ रुपये ५५ पैसे होता. त्यावर युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार. स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळे. (३०० च्या वर गेल्यास सगळेच युनिट महाग होतात हा समज चुकीचा आहे. महाग होतात ते फक्त वरचे युनिट.) आकडेमोडीच्या सोयीसाठी आपण पहिल्या शंभरांना ६ रुपये आणि पुढच्या दोनशेंना ११ रुपये धरू, बाकीचे आकार बाजूला ठेवू.

दादांचे महिन्याचे २९७ युनिट होतात. बिल ६०० अधिक १९७ गुणिले ११, म्हणजे २७६७ रुपये. सवलतीच्या वेळातले युनिट १२९, त्यांवर ८० पैशांनी सवलत १०३ रुपये. सुमारे पावणेचार टक्के. काहीही न बदलता, निव्वळ दुपारी घरी असल्याबद्दल ही सवलत मिळेल.

आमच्या अमरावतीच्या घरात महिन्याला २२० युनिट, बिल १९२० रुपये. कामाच्या दिवशी ९ ते ५ मध्ये जेमतेम ०.६ युनिट जाते, आणि ते बहुतेक फ्रिजचे. रविवारी ३ युनिट. महिन्याचे २८ धरले तर सवलत २२ रुपये. धुणे, इस्त्री असे सगळे रविवारवर ढकलले तरी फार तर आणखी पंधरा युनिट हलतील आणि १२ रुपये वाढतील. बारा रुपयांसाठी रविवार इस्त्रीला द्यावा की नाही, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

आणि इन्व्हर्टर? त्याचे ३६ युनिट दादांच्या बिलात सर्वांत वरच्या, ११ रुपयांच्या टप्प्यातून जात होते. ३९६ रुपये! महिनाभराच्या सवलतीच्या जवळजवळ चौपट. एक युनिट संध्याकाळवरून दुपारवर हलवले तर ८० पैसे मिळतात, तेच युनिट वाचवले तर ११ रुपये. दोन दरांची तुलना करायला बसलो नसतो तर ही गळती दिसलीही नसती, हे मात्र खरे.

यावर आमच्या पुतण्याने एक हुशारीची युक्ती सुचवली. दुपारी सवलतीच्या विजेने इन्व्हर्टरची बॅटरी भरून ठेवावी आणि रात्री घर तिच्यावर चालवावे. करून पाहू. शिसे-आम्लाची बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून आत गेलेल्या विजेपैकी सुमारे ७० टक्के परत देतात असे धरा. दुपारचे युनिट ११ उणे ०.८०, म्हणजे १० रुपये २० पैशांना. त्यातून ०.७ युनिट परत मिळते. म्हणजे रात्रीचे एक युनिट पडले १४ रुपये ५७ पैशांना, जे सरळ तारेतून ११ रुपयांना मिळाले असते. युक्ती फायद्याची ठरायला मूळ दर किती कमी हवा, हे दहावीच्या विद्यार्थ्याला काढता येईल. उत्तर २ रुपये ६७ पैसे येते. बॅटरीची झीज आणखी निराळी.

सवलत टक्क्यांत न देता पैशांत दिली, याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. महिन्याला ८० युनिट वापरणारे छोटे घर घ्या. दिवसाचे ३५ युनिट असतील तर सवलत २८ रुपये, ४८० रुपयांच्या बिलात जवळपास सहा टक्के. दादांना पावणेचार टक्केच पडली. टक्केवारीने दिली असती तर वरच्या टप्प्यात वातानुकूलन यंत्रे चालवणाऱ्या घराला युनिटामागे जास्त रुपये मिळाले असते. आम्हाला पैशांची रीत अधिक न्याय्य वाटते.

पण केंद्राच्या नियमात शिखर तासांचा वाढीव दरही आहे. तो कधी घरांना लागला तर? समजा दिवसा २० टक्के कमी आणि संध्याकाळी ५ ते रात्री ११ दहा टक्के जास्त. दिवसाचे युनिट ‘द’ आणि संध्याकाळचे ‘स’ मानू. फायदा ०.२ द, तोटा ०.१ स. दोन्ही समान होतात तेव्हा द हा स च्या निम्मा असतो. म्हणजे ज्या घराचा दिवसाचा वापर संध्याकाळच्या निम्म्याहून जास्त, ते फायद्यात. दादांचा संध्याकाळचा वापर महिन्याला ७५ युनिटांच्या घरात आहे, दिवसाचा १२९. सरासरी दराने त्यांना सुमारे १७० रुपये सुटतील. आमचा संध्याकाळचा वापर ८५ आणि दिवसाचा २८. आम्हाला सुमारे २५ रुपये जादा भरावे लागतील. आमचा तोटा उधळेपणामुळे होणार नाही, दिवसा आम्ही कामावर असतो म्हणून होईल. रोजंदारीवर जाणाऱ्या नवरा-बायकोच्या खोलीचेही असेच. असा दर ठरवताना ही घरे कोणीतरी मोजली पाहिजेत, आणि ती मोजायला आपले विद्यार्थी पुरेसे आहेत.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते ते हे. आठवीच्या पुढच्या वर्गाला एका आठवड्यासाठी दोन नोंदींचे काम द्यावे, सकाळी ९ आणि सायंकाळी ५. शाळेच्या वेळेमुळे एखादी नोंद आई, आजी किंवा शेजाऱ्यांकडून घ्यावी लागेल. मीटर फक्त पाहायचे, त्याला किंवा त्याच्या तारांना हात लावायचा नाही, हे बजावून सांगावे. मग प्रत्येक घराचे द भागिले एकूण युनिट हे गुणोत्तर काढून फळ्यावर मांडावे. एकाच गल्लीत हे गुणोत्तर किती बदलते ते पाहण्यासारखे असते. एप्रिलबरोबर डिसेंबरातही नोंदी घ्याव्यात. कूलर गेलेला असतो, पण सकाळी सहा-सातला दोन हजार वॉटचा गीझर लागतो. अर्ध्या तासाला एक युनिट, आणि तेही सवलतीच्या वेळेबाहेर.

आणखी एक गोष्ट मुलांना गच्चीवर नेऊन दाखवता येते. रात्रीचा कूलर चालतो तो हवेपेक्षा छतासाठी. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या छतातून उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून आठ-नऊ वाजता बाहेर गार वाटते आणि खोली मात्र भाजत असते. छताला उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचा पांढरा हात दिला की ऊन परततेच, आणि रात्री कूलर एखादा तास आधी बंद करता येतो. शिखर तासांतली युनिटे कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा आम्हाला माहीत नाही.

दादांनी बॅटरी बदलली. सगळे बंद केल्यावर मीटरचा दिवा आता सव्वा मिनिटाला एकदा लुकलुकतो, म्हणजे १५ वॉट. नवे मीटर बसल्यावर त्यांनी मोटरची वेळही बदलून सकाळी साडेनऊ केली. त्याचे किती वाचतील, असे त्यांनी फोनवर विचारले. रोजचे पाव युनिट, महिन्याचे साडेसात, ८० पैशांनी सहा रुपये, असे आम्ही सांगितले. दादा थोडे हिरमुसले. मागून वहिनींचा आवाज आला, “सहा तर सहा, रात्री झोप तर होते ना!”